आठ चिठ्ठ्या, दोन रंग : डुकरांतील फ्लू आणि महासाथ



पावसाळा सुरू झाला की वर्तमानपत्रात एक बातमी हमखास येते : अमुक गावात स्वाइन फ्लूचे इतके रुग्ण सापडले. मग कुणी उकिरड्यावरच्या डुकरांकडे संशयाने पाहू लागते. वर्गात कुणीतरी हात वर करून विचारते, "सर, हा रोग डुकरांपासूनच येतो ना?"

या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेही आहे आणि 'नाही' असेही आहे. ही दोन्ही उत्तरे नीट समजली, तर पुढची महासाथ कशी उद्भवू शकेल आणि जगभरचे शास्त्रज्ञ डुकरांच्या नाकातला स्राव एवढ्या आस्थेने का तपासतात, हे तुम्हांला कळेल. मी पदार्थविज्ञानाचा शिक्षक. वैद्यक हा माझा विषय नव्हे. परंतु या प्रश्नाच्या मुळाशी थोडे साधे गणित आहे, आणि ते तुम्हांला नक्की जमेल.

पुण्यातील ऑगस्ट २००९

२००९ सालच्या एप्रिल महिन्यात मेक्सिको आणि अमेरिकेत एक नवाच फ्लू पसरत असल्याचे ध्यानात आले. ११ जून २००९ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ही महासाथ असल्याचे जाहीर केले. साथ एका प्रदेशात येते. अनेक खंडांत पसरते ती महासाथ. भारतात पहिला रुग्ण मे महिन्यात हैदराबादेत आढळला. तो विमानाने परदेशातून आला होता. ३ ऑगस्ट रोजी या रोगाने भारतातला पहिला बळी घेतला तो पुण्यात, एका शाळकरी मुलीचा.

त्यानंतरचे दिवस पुणेकर विसरलेले नाहीत. डॉ. नायडू सांसर्गिक रोग रुग्णालयापुढे तपासणीसाठी रांगा लागल्या. मास्क मिळेनासे झाले तेव्हा लोकांनी तोंडाला हातरुमाल बांधले. शाळा, महाविद्यालये आणि चित्रपटगृहे काही दिवस बंद ठेवावी लागली. पाचगणीच्या एका निवासी शाळेतही या रोगाचा उद्रेक झाला होता. एकाच छपराखाली झोपणारी, एकाच पंक्तीत जेवणारी मुले असली की श्वासावाटे पसरणाऱ्या रोगाला वाट सोपी होते.

आता गंमत पाहा. पुण्यात आजारी पडलेल्या त्या हजारो लोकांपैकी बहुतेकांचा डुकरांशी कधीच संबंध आला नव्हता. रोग माणसाकडून माणसाकडे जात होता. मग त्याच्या नावात 'स्वाइन', म्हणजे डुक्कर, कशासाठी? याचे उत्तर विषाणूच्या अंतरंगात आहे.

एका विषाणूचे अंतरंग

फ्लूचा विषाणू साधारण गोल असतो आणि त्याचा व्यास सुमारे १०० नॅनोमीटर भरतो. म्हणजे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग! तुमच्या मोजपट्टीवरच्या एका मिलिमीटरच्या जागेत असे दहा हजार विषाणू ओळीने बसतील.

त्याच्या पृष्ठभागावर दोन प्रकारच्या प्रथिनांचे काटे असतात. एकाचे नाव हिमॅग्लुटिनिन, थोडक्यात 'एच'. ही विषाणूची किल्ली. तिच्या साहाय्याने तो आपल्या श्वासमार्गातील पेशीला चिकटतो व आत शिरतो. दुसऱ्याचे नाव न्यूरामिनिडेज, थोडक्यात 'एन'. ही कात्री. पेशीच्या आत नवे विषाणू तयार झाले की त्यांना पेशीपासून मोकळे करण्याचे काम ती करते. या किल्ल्या व कात्र्या निरनिराळ्या जातींच्या असतात, म्हणून विषाणूंना एच१एन१, एच३एन२, एच५एन१ अशी नावे देतात.

आपले शरीर ज्या प्रतिपिंडांच्या साहाय्याने विषाणू ओळखते, ती मुख्यतः या काट्यांवर बसतात. किल्ली ओळखीची असेल तर दारातच चोर पकडला जातो. किल्ली अगदी अनोळखी असेल तर चोर आत येईपर्यंत घर झोपलेलेच असते.

महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. हा विषाणू बनवण्याची सारी माहिती आर.एन.ए. नावाच्या रेणूत साठवलेली असते. पण ती सलग एका धाग्यात नसते. तिचे आठ सुटे खंड असतात. आठ प्रकरणांचे पुस्तक असावे, पण प्रत्येक प्रकरणाची वेगळी वही असावी, तसे. या आठ सुट्या वह्यांतच महासाथीचे बीज दडलेले आहे.

करून पाहा

कागदाच्या सोळा सारख्या चिठ्ठ्या कापा. आठांवर लाल शाईने १ ते ८ आकडे लिहा व उरलेल्या आठांवर निळ्या शाईने तेच आकडे लिहा. लाल संच म्हणजे पक्ष्यातला एक फ्लू-विषाणू. निळा संच म्हणजे माणसातला.

आता अशी कल्पना करा की एकाच पेशीत हे दोन्ही विषाणू एकदम शिरले. पेशी दोघांच्याही खंडांच्या भराभर प्रती काढू लागली. नवा विषाणू बांधताना प्रत्येक क्रमांकाचा एकेक खंड घ्यावा लागतो. पण तो लाल घ्यायचा की निळा, याचे बंधन नाही. तेव्हा नाणे उडवा. छापा पडला तर १ क्रमांकाची लाल चिठ्ठी उचला, काटा पडला तर निळी. असे आठ वेळा करा. तुमच्या हातात आठ चिठ्ठ्यांचा जो संच आला, तो एक नवा विषाणू!

असे संच किती प्रकारचे होतील? प्रत्येक क्रमांकाला दोन पर्याय, म्हणून २ × २ × २ … असे आठ वेळा, म्हणजे २५६. त्यांतला एक संच पूर्ण लाल, एक पूर्ण निळा. हे दोन मूळचेच. उरलेले २५४ नवे!

वर्गातल्या ४० विद्यार्थ्यांनी हा प्रयोग केला, तर साधारणतः दहापैकी सात वेळा असे होईल की संपूर्ण लाल किंवा संपूर्ण निळा संच एकाच्याही हाती येणार नाही. सारेच नवे असतील. विषाणूंच्या या अदलाबदलीला जनुकखंडांची पुनर्जुळणी म्हणतात. अर्थात निसर्गातला डाव आपल्या चिठ्ठ्यांइतका सरळ नसतो. कित्येक जुळण्यांमध्ये भागांचा एकमेकांशी मेळ बसत नाही आणि तो विषाणू जगतच नाही. परंतु एका आजारी प्राण्याच्या शरीरात विषाणू कोट्यवधींच्या संख्येने तयार होतात. इतक्या वेळा नाणे उडवल्यावर एखादी चांगली जुळणी साधली जाणे अशक्य नाही. 'चांगली' अर्थात विषाणूच्या दृष्टीने!

डुक्करच का?

दोन विषाणूंची भेट होण्यासाठी दोघांनाही आत शिरता येईल असे घर लागते. पेशींच्या पृष्ठभागावर सायॅलिक आम्लाचे रेणू असतात. ते विषाणूच्या किल्लीसाठी कुलपाचे काम करतात. हे रेणू शेजारच्या शर्करेला दोन तऱ्हांनी जोडलेले असतात. एक तऱ्हा पक्ष्यांच्या विषाणूंना मानवते, दुसरी माणसांच्या विषाणूंना. आपल्या नाका-घशात मुख्यतः दुसऱ्या तऱ्हेची कुलपे असतात, म्हणून पक्ष्यांचा फ्लू आपल्याला सहजासहजी होत नाही.

डुकराच्या श्वासमार्गात दोन्ही तऱ्हांची कुलपे आढळतात. त्यामुळे पक्ष्यांचा विषाणूही तेथे शिरू शकतो आणि माणसाचाही. शिवाय डुकराचा स्वतःचा फ्लू असतोच. म्हणून शास्त्रज्ञ डुकराला फ्लूच्या विषाणूंचे 'मिश्रणपात्र' म्हणतात. प्रयोगशाळेत दोन द्रावणे एका चंचुपात्रात ओतून ढवळावीत, तसे हे पात्र.

आणखी एक बाब फारशी कुणी सांगत नाही. आपण समजतो की डुक्कर माणसाला रोग देते. प्रत्यक्षात माणसाकडून डुकराला फ्लू होण्याचे प्रसंगही भरपूर घडतात. खोकणारा माणूस डुकरांना खाणे घालायला गेला की झाले. २००९ च्या साथीनंतर माणसांतला तो विषाणू अनेक देशांतील डुकरांत शिरला. भारतातही एका डुकरात तो आढळला. तेव्हा मिश्रणपात्रात एक द्रावण ओतणारा हात बरेचदा आपलाच असतो.

२००९ चा विषाणू कसा जुळला?

त्या विषाणूचे आठही खंड वाचून पाहिले तेव्हा प्रत्येकाची वंशावळ निघाली. दोन खंड (पीबी२ आणि पीए) मूळचे उत्तर अमेरिकेतील पक्ष्यांच्या विषाणूचे होते. एक खंड (पीबी१) माणसांतल्या एच३एन२ विषाणूकडून आला होता. तीन खंड (एचए, एनपी आणि एनएस) डुकरांतल्या जुन्या एच१एन१ घराण्याचे होते. या सहा खंडांची जुळणी अमेरिकेतील डुकरांत आधीच झालेली होती. असा तिहेरी संकर तेथे १९९८ मध्ये आढळला होता. उरलेले दोन खंड (एनए आणि एम) युरोप-आशियातील डुकरांच्या घराण्यातले होते. हे घराणे १९७९ च्या सुमारास पक्ष्यांमधून युरोपातील डुकरांत आले होते.

दोन, एक, तीन आणि दोन : बेरीज आठ! पक्षी, माणूस आणि डुक्कर यांच्या वह्या एकत्र शिवून हे पुस्तक तयार झाले होते. पुढील संशोधनातून असे दिसले की ही शेवटची जुळणी मेक्सिकोतील डुकरांमध्ये झाली.

आता तुमच्या प्रश्नाचे दुहेरी उत्तर देता येईल. हा विषाणू डुकरांत घडला, म्हणून 'होय'. एकदा माणसात आल्यावर तो माणसांचा झाला, म्हणून 'नाही'. महासाथ संपल्याचे १० ऑगस्ट २०१० रोजी जाहीर झाले, तरी विषाणू गेला नाही. तो आता माणसांतल्या नेहमीच्या हंगामी फ्लूंपैकी एक होऊन बसला आहे. पावसाळ्यातल्या बातमीतला 'स्वाइन फ्लू' म्हणजे बहुधा हाच. तो शेजाऱ्याच्या खोकल्यातून येतो. उकिरड्यावरच्या डुकराचा त्यात काही दोष नसतो. नीट शिजवलेल्या मांसातूनही तो येत नाही.

हा फरक कळला नाही तर काय होते? २००९ मध्ये इजिप्तच्या सरकारने देशातील सुमारे तीन लाख डुकरे मारण्याचा हुकूम काढला. साथ काही टळली नाही. उलट कैरो शहरातला ओला कचरा खाऊन फस्त करणारे प्राणीच नाहीसे झाल्याने रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले.

जुनी पेटी

२००९ मध्ये डॉक्टरांना एक विचित्र गोष्ट दिसली. एरवी फ्लू वृद्धांना अधिक छळतो. या वेळी साठीच्या पुढच्या लोकांना लागण कमी होत होती आणि मुले व तरुण अधिक आजारी पडत होते. असे का व्हावे?

त्यासाठी १९१८ सालाकडे जावे लागेल. त्या वर्षी जूनमध्ये मुंबईच्या गोदीतून इन्फ्लुएंझा हिंदुस्थानात शिरला आणि वर्ष संपेपर्यंत देशात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. त्याच वर्षी अमेरिकेतील आयोवा राज्यात कोएन नावाच्या पशुवैद्याने डुकरांतही तसाच रोग पाहिला. पुढे १९३१ मध्ये रिचर्ड शोप यांनी डुकरांतील फ्लूचा विषाणू शोधून काढला. माणसातला फ्लूचा विषाणू त्यानंतर, १९३३ मध्ये इंग्लंडात सापडला.

१९१८ चा विषाणू माणसांत आणि डुकरांत, असा दोन्हीकडे वंश चालवत राहिला. माणसांत त्याची किल्ली वर्षानुवर्षे घासली जाऊन बदलत गेली. १९५७ मध्ये तर एच२एन२ विषाणूने त्याची जागाच घेतली. डुकरांत मात्र त्याच्या किल्लीत फारसा बदल झाला नाही. जणू आजोबांच्या काळची वस्तू जुन्या पेटीत जपून ठेवावी! २००९ मध्ये ती पेटी उघडली. ज्यांचे बालपण १९५७ पूर्वी गेले होते त्यांच्या शरीराला ती किल्ली थोडीफार ओळखीची वाटली. तुमच्या वयाच्या मुलांना ती सर्वस्वी नवी होती.

म्हणून हा प्रश्न विशेषकरून तुमचा आहे. माणसांतले जुने फ्लू डुकरांच्या कळपांत आजही टिकून आहेत, आणि ते माणसांतून नाहीसे झाल्यावर जन्मलेल्या मुलांकडे त्यांची प्रतिपिंडे नसतात. २०१२ मध्ये अमेरिकेतील शेतकी जत्रांमध्ये डुकरांकडून एच३एन२ जातीच्या एका विषाणूची लागण तीनशेहून अधिक लोकांना झाली. त्यांत बहुतेक मुलेच होती.

एकाच्या वर की एकाच्या खाली?

मग २०१२ मध्ये महासाथ का झाली नाही? येथे पदार्थविज्ञानातली एक कल्पना उपयोगी पडते. अणुभट्टीत एका विभाजनातून सुटलेल्या न्यूट्रॉनांमुळे सरासरी किती नवी विभाजने होतात, यावर साखळी प्रक्रिया टिकणार की विझणार हे ठरते. हा आकडा एकाहून कमी असेल तर ती विझते, अधिक असेल तर भडकते.

साथीचेही तसेच. एक रुग्ण सरासरी किती जणांना रोग देतो, तो आकडा पाहायचा. २००९ च्या विषाणूसाठी तो दीडच्या आसपास होता. सुरुवातीला एक रुग्ण धरा. दहा पिढ्यांनंतर नव्या रुग्णांची संख्या १.५ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ५८ होईल. वीस पिढ्यांनंतर ३,३०० च्या वर जाईल. फ्लूची एक पिढी म्हणजे तीन-एक दिवस, तेव्हा हे सारे दोन महिन्यांत! उलट आकडा ०.९ असेल तर शंभर रुग्णांपासून सुरुवात करूनही दहाव्या पिढीत ३५ च उरतात आणि साथ मावळते.

डुकरांतून माणसांत येणारे बहुतेक विषाणू असे एकाच्या खालचे असतात. ते एखाद्या माणसाला आजारी पाडतात आणि तेथेच थांबतात. महासाथीचा धोका म्हणजे चिठ्ठ्यांच्या पुढच्या एखाद्या डावात हा आकडा एकाच्या वर जाणे. तो डाव केव्हा लागेल हे कुणालाच सांगता येत नाही. पण डाव किती ठिकाणी आणि किती वेळा खेळला जातो, हे मात्र पाहता येते, कमीही करता येते.

मुळशीचे रानडुक्कर आणि पाषाणची प्रयोगशाळा

तुमच्यापैकी काहीजण सहलीला लवासाला गेले असतील. मुळशी तालुक्यात मोसे नदीच्या खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी हे गाव वसवलेले आहे. भोवतालच्या डोंगरांत रानडुकरे आहेत. रात्री ती भातखाचरांत उतरतात. त्यांच्यापासून महासाथ येईल काय?

रानडुकरालाही फ्लू होऊ शकतो. पण वर पाहिलेले गणित लावून बघा. डोंगरातला कळप लहान, माणसाला पाहून पळणारा. त्यात विषाणू शिरला तरी काही दिवसांत साऱ्यांना होऊन संपतो. याउलट जेथे हजारो डुकरे एका आवारात दाटीने राहतात, दर महिन्याला नवी पिल्ले जन्मतात, शेजारी कोंबड्या असतात आणि माणसे रोज ये-जा करतात, तेथे विषाणूला वर्षभर नवे घर मिळत राहते. नाणे उडत राहते ते तेथे. तेव्हा रानडुकरापासून सावध राहा ते त्याच्या सुळ्यांसाठी, फ्लूसाठी नव्हे!

लवासाहून पुण्याकडे परतताना चांदणी चौक लागतो. तेथून जवळच पाषाणला राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेचे (एन.आय.व्ही.) आवार आहे. ही संस्था १९५२ मध्ये पुण्यात स्थापन झाली. २००९ मध्ये संशयित रुग्णांचे नमुने तपासण्याच्या कामात ती आघाडीवर होती. अतिघातक विषाणू हाताळण्यासाठी सर्वोच्च सुरक्षा पातळीची प्रयोगशाळाही पाषाणच्या याच आवारात आहे. आपल्या राज्याला अशा कामाची गरज नवी नाही. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कोंबड्यांत एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू, सापडला. भारतातला तो पहिला उद्रेक.

चीनमधील शास्त्रज्ञांनी २०११ ते २०१८ या काळात दहा प्रांतांतील सुमारे तीस हजार डुकरांच्या नाकातील नमुने तपासले. त्यांना 'जी४' नावाचा एक विषाणू २०१६ पासून प्रबळ होत चाललेला दिसला. त्यात २००९ च्या महासाथीच्या विषाणूचेही खंड होते. डुकरांजवळ काम करणाऱ्या तपासलेल्या लोकांपैकी सुमारे दहा टक्क्यांच्या रक्तात त्याविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. हे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात एका लहान शेतावरच्या डुकरांत एच५एन१ सापडला. हे विषाणू माणसांत साथ पसरवू लागलेले नाहीत. पण मिश्रणपात्रात कोणती द्रावणे पडत आहेत हे कळणे किती मोलाचे आहे, ते यावरून दिसते.

मोल वेळेचे आहे. नव्या विषाणूविरुद्ध लस बनवून पुरेशी तयार करण्यास पाच-सहा महिने तरी लागतात. पुण्यातीलच सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारण्याची लस बाजारात आणली ती जुलै २०१० मध्ये. म्हणजे पुण्यातल्या पहिल्या मृत्यूनंतर सुमारे अकरा महिन्यांनी. डुकरांतला विषाणू आधीच ओळखून ठेवला असेल, तर यातले काही महिने वाचतात. एका महिन्यात रुग्णसंख्या ५८ पट होऊ शकते, हे ध्यानात ठेवा, म्हणजे महिन्याची किंमत कळेल.

आपण काय करावे?

ज्यांच्या घरी वराहपालन आहे त्यांनी डुकरे व कोंबड्या वेगळ्या ठेवाव्यात, स्वतःला ताप-खोकला असताना कळपात जाऊ नये, आणि डुकरे खोकू लागली तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. आपण साऱ्यांनी खोकताना तोंडावर रुमाल किंवा कोपर धरावे, वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि ताप असताना शाळेत येऊ नये. शंभर टक्के हजेरीच्या बक्षिसासाठी तापात शाळेत येणारा विद्यार्थी दीडचा आकडा वाढवीत असतो. तो आकडा एकावर आणण्यासाठी संसर्गाच्या एक तृतीयांश संधी टाळल्या तरी पुरते. महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात वाढतो, म्हणून ज्यांना डॉक्टरांनी लस सांगितली असेल त्यांनी ती पावसाळ्यापूर्वी घेणे हिताचे.

शिक्षकांना एक विनंती. तुमच्या हातातला हजेरीपट हे फार संवेदनक्षम उपकरण आहे. रोजच्या गैरहजर मुलांचा आलेख वर्गाच्या भिंतीवर काढू द्या. रेषा एकाएकी चढू लागली तर प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. साथीची पहिली खूण कित्येकदा अशा आलेखावरच उमटते.

स्वाध्याय

१. फ्लूच्या विषाणूचे आठांऐवजी दहा सुटे खंड असते, तर दोन विषाणूंपासून किती नव्या जुळण्या झाल्या असत्या?
२. एकाच पेशीत तीन निरनिराळे फ्लू-विषाणू शिरले, तर आठ खंडांच्या किती जुळण्या होतील?
३. एक रुग्ण सरासरी १.२ जणांना रोग देत असेल, तर एका रुग्णापासून दहाव्या पिढीत किती नवे रुग्ण होतील? १.५ च्या उत्तराशी तुलना करा.
४. गावातली सारी डुकरे मारल्याने पावसाळ्यातला 'स्वाइन फ्लू' थांबेल काय? कारणे देऊन लिहा.